हिवाळी पाखरं आणि आपण

गेल्या महिन्यात मुलाला फोनवर सांगितलं, "यंदा आम्ही डिसेंबरात येतो. उन्हाळ्यात नको. आणि आल्यावर सगळे दिवस तुझ्या घरी राहणार नाही. त्यातले दोन महिने मेसाच्या त्या आरव्ही पार्कात लहानसं घर भाड्याने घेऊन राहावं म्हणतो." पलीकडे इतकी शांतता पसरली की फोन कट झाला असं वाटून मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मग तो हळूच म्हणाला, "आई, माझं काही चुकलं का गं?"

त्याचं काही चुकलेलं नाही. सुनेचं तर त्याहून नाही. पण हे फोनवर नीट सांगता येईना. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण स्वतःच्या मुलाला मनातलं सांगायचं म्हटलं की माझी वाक्यं अर्ध्यात तुटतात. लिहायला बसलं की मात्र जमतं. म्हणून हा प्रपंच. आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, परदेशी मुलं असलेल्या माझ्या वयाच्या पुष्कळ जणींचा आहे, असं मला वाटतं.

मुलगा अ‍ॅरिझोनात फिनिक्स शहराजवळ चॅंडलरला राहतो. 2018 च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो. अमेरिका म्हणजे बर्फ, एवढंच डोक्यात. बॅगेत दोन-दोन स्वेटर, कानटोप्या, यांची लोकरीची बंडी. विमानतळाबाहेर आलो तर हवा आमच्या साताऱ्यासारखी! सकाळी गारवा, दुपारी नुसता सदरा पुरे. ती बंडी सहा महिन्यांत एकदाही बॅगेबाहेर निघाली नाही.

तिथल्या रस्त्यावर एक गोष्ट सारखी नजरेत भरायची. एसटीएवढी मोठी गाडी आणि तिच्या मागे जोडलेली एक छोटी मोटार. नंबरपाट्या मिनेसोटाच्या, नॉर्थ डाकोटाच्या, आयोवाच्या, काही थेट कॅनडातल्या अल्बर्टा आणि सस्कॅचेवानच्या. आणि चालवणारे बहुतेक पांढऱ्या केसांचे. मुलगा म्हणाला, "हे स्नोबर्ड. उत्तरेत बर्फ पडायला लागलं की हे खाली येतात, एप्रिल आला की परत जातात." हिमपाखरं! शब्द मला फार आवडला.

ती मोठी गाडी म्हणजे आरव्ही, चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास, सगळं. काहींच्या भिंती गाडी उभी केल्यावर बटण दाबलं की बाहेर सरकतात आणि खोली रुंद होते. काही स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायच्या. मोठी गाडी एका लिटरमध्ये चार किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे पेट्रोल-डिझेलचा हत्तीच. मिनेसोटाहून इथवरचा रस्ता जवळजवळ तीन हजार किलोमीटरचा. आणि वेळेवर निघावंच लागतं, कारण गारठा शून्याखाली गेला की गाडीतल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटतात.

ही पद्धत आजकालची नाही. 1919 साली फ्लोरिडातल्या टॅम्पा गावी अशा मोटारवाल्या भटक्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना काढली होती. एकमेकांना ओळखू यावं म्हणून ते मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा डबा लावायचे. डबाबंद खाणारे, डबा मिरवणारे! वाचून मला आमच्याकडचे धनगर आठवले. दिवाळीनंतर फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. घोड्यावर सगळा संसार, त्यावर कोंबड्या, कधी लहान मूलही. पावसाच्या आधी परत वर. पण धनगर जातात ते मेंढरांच्या चाऱ्यासाठी. हे लोक जातात ते स्वतःच्या सांध्यांसाठी.

खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांची कीव आली. म्हातारपणी घरदार सोडून गाडीत राहायचं, कोणी करणारं नाही, मुलांनी टाकलेलं... असं सगळं मी माझ्याच मनाने ठरवून टाकलं होतं. यांच्याशी बोलताना मी "बिचारे" हा शब्द किती वेळा वापरला असेल, मोजदाद नाही.

पुढे मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला जाऊ लागले. माझं शिक्षण सगळं मराठीतून, बीएसुद्धा मराठी माध्यमातून. इंग्रजी वाचलेलं समजतं, बोलताना मात्र जीभ अडते. वर्ग घेणाऱ्या बाई मिनेसोटाच्या, त्याही निवृत्त शिक्षिका, तिसरीच्या मुलांना शिकवायच्या. पगार नाही, हिवाळ्यात इथे असतात तेवढे दिवस हौसेने शिकवतात. दोन शिक्षिका भेटल्या की काय होतं ते सांगायला नको. पंधरा दिवसांत आमच्या तिथल्या आणि इथल्या शाळांच्या तपासणीच्या गोष्टी सांगून झाल्या. त्यांनी मला त्यांच्या पार्कात बोलावलं.

मेसा हे चॅंडलरच्या शेजारचंच शहर. तिथे अशी कितीतरी पार्कं आहेत. आखीव गल्ल्या, प्रत्येक गाडीला उभी राहायला फरशीची जागा, तिथेच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. काही ठिकाणी गाड्यांऐवजी 'पार्क मॉडेल' नावाची छोटी घरं असतात. ही जास्तीत जास्त 400 चौरस फुटांची. आमचा लग्नानंतरचा भाड्याच्या दोन खोल्यांचा संसार याहून लहान होता! ही पार्कं 55 च्या पुढच्या वयाच्या लोकांसाठी. एक सामायिक सभागृह, पोहण्याचा तलाव, लाकूडकामाची खोली, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा गट. हो, गोधड्याच! मी त्यांना आपल्या गोधडीचा टाका दाखवला तर सगळ्या जणी भोवती जमल्या.

बाईंच्या गाडीत चहा घेताना मी शेवटी न राहवून विचारलं, "तुम्हाला मुलं नाहीत का?"

"तीन आहेत," त्या म्हणाल्या. "ख्रिसमसला आळीपाळीने एकेकाकडे जाते. चार दिवस फार छान जातात. पाचव्या दिवशी मला माझी शेगडी आठवते."

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मला माझी शेगडी आठवायला परवानगीच नव्हती ना! माझी शेगडी साताऱ्याला, आणि तिकीट एप्रिलचं.

त्यांच्या गल्लीत एक रीत होती. सकाळी नऊपर्यंत एखाद्याच्या खिडकीचा पडदा वर गेला नाही, तर शेजारी जाऊन दार ठोठावायचं. बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ते गेले त्या सकाळी दार ठोठावणारा शेजारीच पुढे तीन दिवस सगळं पाहत होता. मुलं विमानाने येईपर्यंत बाई एकट्या नव्हत्या. यजमान गेल्यावर त्यांनी मोठी गाडी चालवणं बंद केलं. आता गाडी वर्षभर तिथेच उभी असते, त्या विमानाने येतात-जातात. "चाव्या मी स्वतः टेबलावर ठेवल्या, कोणी मागायच्या आत," असं त्या म्हणाल्या. यांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता कोणी म्हणेल, बाईंना परदेशी म्हातारपणाचं भलतंच कौतुक लागलंय. तर थांबा. दुसरी बाजूही पाहिली आहे.

2019 च्या जानेवारीत मुलाने आम्हाला क्वार्टझाइटला नेलं. फिनिक्सपासून पश्चिमेला दोनशे किलोमीटर, कॅलिफोर्नियाच्या सीमेच्या अलीकडे. गाव केवढं? 2020 च्या जनगणनेत अडीच हजारसुद्धा वस्ती भरली नाही. पण हिवाळ्यात तिथल्या वाळवंटात गाड्यांचं शहर उभं राहतं. दगड, खनिजं, मणी, जुनी हत्यारं यांचे बाजार, आणि जानेवारीत आरव्हीचं एक मोठं प्रदर्शन. गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. 1850 च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नावाचा उंटवाला इथेच वारला, 1902 साली. लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून 'हाय जॉली' केलं! परमुलखात पोटासाठी आलेला माणूस, नाव बदललं, पण गावाने त्याला विसरू दिलं नाही.

त्या गावाबाहेरची जमीन केंद्र सरकारची. 1983 पासून सरकारने तिथे काही भाग लांबच्या मुक्कामासाठी राखून ठेवले आहेत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा हंगाम. आम्ही गेलो तेव्हा त्या सात महिन्यांचं शुल्क होतं 180 डॉलर. महिन्याचं नव्हे, सगळ्या हंगामाचं! वीज नाही, छपरावर सौर पट्ट्या लावायच्या. पाणी एका ठिकाणाहून भरून आणायचं, सांडपाण्याची टाकी ठराविक ठिकाणी नेऊन रिकामी करायची. जानेवारीत दुपारी ऊन छान, पण रात्री हाडं गारठतात.

तिथे नुसते हौशी नव्हते. एक बाई मण्यांच्या माळा विकत बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या. साध्या मालवाहू व्हॅनमध्ये गादी टाकून राहायच्या. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या एका तंबूतळावर संडास धुण्याचं आणि पावत्या फाडण्याचं काम, हिवाळ्यात इथे. मी अडखळत विचारलं, घर कुठे? त्यांनी व्हॅनवर थाप मारली. दुसरं काही बोलल्या नाहीत. मी एक माळ घेतली आणि घासाघीस केली नाही.

2008 च्या मंदीत तिकडे लाखो लोकांची घरं गेली, अनेकांची म्हातारपणाची पुंजी बुडाली. अशा फिरत्या वृद्धांवर जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी 2017 साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरचा क्लोई झाओ यांचा चित्रपट 2021 च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. सत्तरीतली माणसं साखरेच्या बीटच्या हंगामात राबतात, सणासुदीच्या गर्दीत गोदामांत दिवसभर चालून सामान वेचतात, आणि रात्री गाडीत झोपतात, हे त्यातून जगाला कळलं.

म्हणजे एकाच वाळवंटात, शेजारी शेजारी, दोन तऱ्हेची माणसं. एकाची गाडी दुसरं घर, दुसऱ्याची गाडी एकमेव घर. लांबून दोघंही सारखीच दिसतात. मेसाच्या बाई आणि ती माळवाली बाई यांच्यात फरक गाडीच्या किमतीचा नाही. मिनेसोटात एक दार आहे, ज्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये आहे, हा तो फरक. परत जायला जागा असेल तर भटकण्याला सहल म्हणायचं, नसेल तर तेच वणवण. हे मला क्वार्टझाइटने शिकवलं. म्हणून कोणी 'सगळं विकून मोकळे व्हा, भटकत राहा' असा सल्ला वृद्धांना देऊ लागलं, की मला भीती वाटते.

मेसाला परत आल्यावर बाईंनी शेजारच्या जोडप्याशी ओळख करून दिली, कॅनडातल्या ऑन्टारियोचं. त्यांच्या फ्रीजवर कॅलेंडर, त्यावर रोज एक लाल फुली. विचारलं तर कळलं, ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा टिकवायचा तर वर्षात निदान 153 दिवस आपल्या प्रांतात काढावे लागतात. शिवाय अमेरिकेत साधारण सहा महिन्यांवर राहायचं नाही. म्हणून दिवसांचा हिशेब. घरी आले तर आमच्याही फ्रीजवर कॅलेंडर! आमची विमानतळावर शिक्का मारून दिलेली सहा महिन्यांची मुदत सुनेने त्यावर लिहून ठेवली होती. 2025 मध्ये दोन देशांत कुरबुर वाढली, त्या एप्रिलपासून तीस दिवसांहून जास्त राहणाऱ्या कॅनेडियन लोकांमागे नोंदणीची नवी कटकट लागली, आणि पुष्कळांनी येणं कमी केलं. ते जोडपं आता येत नाही, असं बाईंनी कळवलं. पाखरांना सीमा नसतात म्हणतात, माणसांच्या बाबतीत हे खरं नाही.

तर तेव्हा दोन कॅलेंडरं बघून मला वाटलं, आपणही हिमपाखरंच की. आपणही ऋतू बघून सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. पण खरंच ऋतू बघून का?

2023 साली आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. नातीला उन्हाळ्याची सुट्टी, सुनेची नवी नोकरी, म्हणून मे ते ऑक्टोबर असं ठरलं. कोणी ठरवलं? कोणीच नाही. त्यांनी विचारलं, "मे चालेल ना?" आम्ही म्हटलं, "आम्हाला काय, कधीही." आपल्याकडे आईबाप असंच म्हणतात. त्या वर्षी फिनिक्सला 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटच्या, म्हणजे 43 अंशांच्या वर गेला. रात्रीसुद्धा हवा भट्टीची. पार्कं ओस पडलेली, मिनेसोटाच्या बाई केव्हाच मिनेसोटात, त्यांच्या तळ्याकाठी. आम्ही मात्र पडदे ओढून, एसीत, आत.

यांची रोजची पहाटेची चार-पाच किलोमीटरची चाल बंद झाली. आधी आठवडाभर, मग महिना, मग सवयच गेली. घरातल्या घरात फेऱ्या मारायचे, पण तिसऱ्या फेरीला कंटाळायचे. ऑक्टोबरात परत आलो तेव्हा साताऱ्याच्या घराच्या सात पायऱ्या चढताना ते तीनदा थांबले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, मांड्यांचे स्नायू गेलेत, या वयात गेलेलं लवकर भरून येत नाही. दोन वर्षं झाली, अजून पूर्ण भरून आलेलं नाही. मुलाला आम्ही हे कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे.

दोष कोणाचा? मुलाचा नाही. त्याने विचारलं होतं. दोष त्या "आम्हाला काय, कधीही" या वाक्याचा. आम्ही त्याला प्रेम समजत होतो. आता वाटतं, तो थोडा आळस होता आणि थोडा अहंकार. आपली गरज बोलून दाखवायची नाही, आणि समोरच्याने ती ओळखली नाही की मनात धरायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. म्हातारपणी मुक्काम हलवणं वाईट नाही. उलट हवा मानवेल तिथे जावं, सांधे दुखत असतील तर उबेला जावं, यात काही पाप नाही. पण कुठे, कधी आणि किती दिवस, हे ज्याचे गुडघे त्याने सांगितलं पाहिजे. मिनेसोटाच्या बाई आणि मी, दोघीही वर्षाचे काही महिने घराबाहेर असतो. त्यांची तारीख थंडी ठरवते आणि त्या स्वतः ठरवतात. माझी तारीख नातीची शाळा ठरवते, विमानाचं भाडं ठरवतं, माझी जीभ सोडून सगळे ठरवतात. मग कीव कोणाची करायची?

यावर दोन-तीन आक्षेप येतील, ते मीच घेते. पहिला पैशाचा. हे सगळं डॉलर खिशात असलेल्यांचे चोचले आहेत, पेन्शनवर जगणाऱ्या मराठी शिक्षिकेला कसे परवडणार? बरोबर आहे. आम्हाला गाडी घ्यायची नाही, चालवायची तर मुळीच नाही. पार्कातल्या छोट्या घराचं दोन महिन्यांचं भाडं आमच्या ठेवीच्या व्याजातून निघेल, थोडं मुलाने घातलं तर आम्ही नाही म्हणणार नाही. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी निदान महिना निवडावा. महिना निवडायला पैसे लागत नाहीत, तोंड उघडावं लागतं.

दुसरा आक्षेप आजारपणाचा. तिथे काही झालं तर? त्या लोकांनाही ही काळजी आहेच. त्यांचा वृद्धांचा सरकारी विमा साध्या दातांच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही, म्हणून युमाजवळून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेस गावी हे लोक दात बसवून घ्यायला रांगा लावतात. त्या लहानशा गावात पावलोपावली दातांचे दवाखाने! फिरणं झेपेनासं झालेल्यांसाठीही त्यांनी आपापसात सोय केली आहे. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन गावी आरव्हीवाल्यांच्या एस्केपीज क्लबची एक जागा आहे. तिथे माणूस आपल्याच गाडीत राहतो, आणि जेवण, दिवसाची देखभाल यांची मदत मिळते. म्हणजे थांबायची वेळ येणार, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. आपण गृहीत धरतो ते एवढंच, की मुलगा बघेल. आम्ही आता प्रवासाचा विमा घेतानाही आधीच्या दुखण्यांना तो लागू आहे की नाही हे बारीक अक्षरात वाचतो. मागच्या वेळी वाचलं नव्हतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना. लोक काय म्हणतील? मुलाचं चार खोल्यांचं घर असताना आईबाप दहा मिनिटांवर भाड्याच्या घरात? मुलाच्या गप्प बसण्यामागे हेच होतं, मला माहीत आहे. त्याला वाटलं, आई रुसली. बाळा, रुसले नाही रे. सकाळी सहाला उठून चहा करताना भांडं वाजेल, सून जागी होईल, म्हणून मी तुझ्या स्वयंपाकघरात चोरासारखी वावरते. दिवसा तुम्ही कामावर, नात शाळेत, आम्ही दोघं घड्याळाकडे बघत. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्याजोगं काही नाही. त्या पार्कात दाराबाहेर पाऊल टाकलं की माणसं आहेत, आमच्याच वयाची, आमच्याच वेगाने चालणारी. हे पुन्हा चालायला लागतील तर तिथेच लागतील. तुझ्याकडे आम्ही पाहुणे असतो आणि तू यजमान. तू शनिवार-रविवारी आमच्याकडे ये, मी पिठलं-भाकरी करते. दोन महिने तू पाहुणा हो.

काल पुन्हा त्याचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "आई, त्या पार्कात जाऊन आलो. जानेवारी-फेब्रुवारीसाठी एक घर रिकामं आहे. त्यांनी विचारलं, राहणाऱ्यांचं वय 55 च्या वर आहे ना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, भरपूर वर आहे."

घराला पायऱ्या किती आहेत, तेवढं मात्र मी त्याला मोजून घ्यायला सांगितलं आहे.